लिंबाच्या खोडातला चेहरा

तीर्थपुरीच्या अलीकडं रस्त्याला लागून एक कडुलिंब आहे. दिवाळीच्या सुट्टीपासून त्याच्याखाली मोटारसायकली उभ्या राहायला जागा उरली नव्हती. फांदीला एक भलंमोठं फ्लेक्स बांधलेलं होतं. त्यावर याच लिंबाचा फोटो, आणि खोडाच्या सालीतून उमटलेला एका बाईचा चेहरा. डोळे मिटलेले, कपाळावर कोवळी पालवी, हनुवटीवर तीन हिरवे ठिपके.

"खोडाकडं बघून काही दिसायचं न्हाई," खाली बसलेले राधेश्याम महाराज रांगेला समजावत होते. "माणसाचा डोळा पापी. क्यामेरा पापी न्हाई, म्हणून त्याला देवी दिसली. हे तीन ठिपके बघा, बराबर त्रिशूळ. साल उकळून प्या, शुगर बिलकुल खतम. पण सुई बंद पाहिजे. सुई आन् साल एका अंगात ऱ्हात न्हाईत."

साधना लॅपटॉपची पिशवी पोटाशी धरून हे ऐकत होती. तिला राग येऊन येऊन आता नुसता शीण आला होता. गावच्या शाळेत ती चित्रकला शिकवायची आणि हे चित्र तिनंच केलेलं होतं. जूनमध्ये पर्यावरण दिनासाठी तिनं येता-जाता दिसणाऱ्या या लिंबाचा फोटो काढला, संगणकावर त्याच्या खोडात एक चेहरा मिसळला आणि खाली लिहिलं, 'झाडालाही जीव आहे'. चित्र शाळेच्या ग्रुपवर गेलं, तिथून गावभर फिरलं, कुणीतरी खालची ओळ कापली आणि उरलेली देवी फांदीला लटकली. आता माणसाच्या कमरेपर्यंत झाड सोलून निघालं होतं.

तेही तिनं गिळलं असतं. पण रांगेत तिची सासू उभी होती. नंदाबाईंच्या पायाला साखरेची जखम होती. इन्सुलिन चुकवलं तर पाय काढावा लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि दिवाळीपासून त्यांनी सुई टोचून घेतली नव्हती.

"आत्या, ते चित्र मी केलंय," साधनानं घरी कितीदा तरी सांगितलं होतं.

"देवीनं तुझ्या हातून करून घेतलं," नंदाबाई म्हणायच्या. पुरावा दाखवायचा तर मूळ चित्र शाळेच्या संगणकात होतं आणि सुट्टीभर शाळेला कुलूप. आज सुट्टी संपून शाळा उघडली तशी चित्र लॅपटॉपवर घेऊन ती थेट इकडं आली.

तिनं महाराजांच्या चौरंगावरचे नारळ बाजूला सारून लॅपटॉप ठेवला.

"चित्र एकसंध नसतं," ती सासूला म्हणाली. "साड्यांच्या घड्यांसारखे एकावर एक थर असतात. एकेक काढते, बघा."

तिनं बटण दाबलं, पालवी गेली. पुन्हा दाबलं, साल गेली. पडद्यावर मुंडावळ्या बांधलेली एक नवरी उरली. फोटो काढताना नेमके डोळे मिटलेली, हनुवटीवर तीन ठिपके गोंदलेली.

चहावाले साहेबराव पुढं वाकले. "हा तं रामरावच्या लग्नातला फोटो हाय. ही त्याची नवरी, नंदाबाई." घरच्या जुन्या अल्बममधला हा फोटो साधनानंच चित्रात घातला होता; नुसतं सांगून ते सासूला पटलं नसतं.

नंदाबाईंनी चष्मा पुसला आणि हळूच स्वतःची हनुवटी चाचपली. स्वतःचा चेहरा एवढा मोठा त्यांनी कधी पाहिलाच नव्हता.

महाराज कच्चे नव्हते. "मंग देवीनं नंदाबाईचंच रूप घेतलं म्हणायचं," ते हात जोडून म्हणाले. लगेच दोघी बायका नंदाबाईंच्या पट्टी बांधलेल्या पायावर वाकल्या. साधनानं कपाळाला हात लावला. आता तिच्याजवळ दाखवायला काही उरलं नव्हतं.

"उठा गं," नंदाबाई पाय मागं घेत म्हणाल्या. "मी देवी असते तं माझा पाय सडला असता का? हितं येऊन मी माझ्याच पाया पडून राह्यले, माझ्यापुढंच नारळ फोडून राह्यले, आन् पाय काळा पडत गेला." मग त्या महाराजांकडं वळल्या. "देवी मीच म्हणता न्हवं? मंग माझंच ऐका. ज्याची सुई असंल त्यानं सुई घ्यावी. झाडाला कुणी हात लावू नये. आन् कुणी काही अजब दाखवलं तर ते कुणी केलं, कसं केलं, एवढं तरी इचारावं. म्या इचारलं न्हाई."

रांग विरत गेली. जाता जाता काहींनी सालीचा तुकडा खिशात टाकलाच, तेवढं साधनानं पाहिलं आणि मान फिरवली. सासूला स्कूटीवर बसवून तिनं दवाखाना गाठला.

नंदाबाईंच्या पायाचा अंगठा काढावा लागला, पाय वाचला. लिंबाला लोकांनी पोतं गुंडाळलंय, जगेल का ते सांगता येत नाही. अजूनही कुणी परगावचं माणूस देवीचं ठिकाण विचारत घरापर्यंत येतं. नंदाबाई त्याला ओसरीवर बसवतात, पाणी देतात आणि पाय पुढं करतात.

"हा बघा," त्या म्हणतात, "देवीचा पाय. अंगठा सालीनं खाल्ला, बाकीचा सुईनं राखला."