दादाचा मका

दादाची गाडी फाटकात शिरली आणि मला अगदी गार वाटलं. खोटं कशाला बोलू? पाच वर्षं वाट बघत होते मी.

पशुखाद्याच्या कारखान्यात मी धान्य तपासते. मका, गहू, ज्वारी, जे येईल ते. माझ्या सहीशिवाय एक दाणा आत जात नाही. पाच वर्षांपूर्वी मात्र माझ्या स्वतःच्या सहाशे कोंबड्या होत्या आणि त्यांना मका पुरवायचा माझा सख्खा भाऊ. "घरचीच तू, तुला चांगलाच देणार," म्हणायचा. मेल्याने बुरशी लागलेला जुना मका तेलाचा हात फिरवून चकचकीत केला, नव्यात मिसळला आणि माझ्या गळ्यात मारला. आधी अंडी घटली, मग कोंबड्या माना टाकायला लागल्या. डॉक्टरांनी एक चिरून यकृत दाखवलं. म्हणाले, दाण्यातलं विष आहे. दादाने हात वर केले. "माझा मका सगळे घेतात. हिलाच पाळता येत नाहीत!" आईनेही चारचौघांत तेच ऐकवलं, "आमच्या छबीच्या हाताखाली काही जगत नाही." शेड मोडली आणि मी हे काम शिकले.

"छबे? तू इथे?" दादाचं तोंड पडलं.

"हो, इथेच. ताडपत्री काढ."

नमुन्यासाठी पोकळ सळई पोत्यात खुपसायची असते. एरवी मी दहा पोती बघते, आज चाळीस बघितली. वरची, मधली, अगदी तळाची. लबाडी नेहमी तळाला असते. ओलावा मोजला. अंधाऱ्या खोलीत निळ्या दिव्याखाली दाणे पसरले. बुरशीचा दाणा तिथे हिरवट चमकतो. एकही चमकेना! ओलावा बारा टक्के, प्रोटीन नऊ. मक्याकडून याहून जास्त कोण मागतं? हंगामातला सगळ्यात चांगला माल होता तो.

माझं डोकंच फिरलं. परक्यांच्या कोंबड्यांना हा मका आणि बहिणीच्या कोंबड्यांना तो!

ओलावा सतरा लिहिला असता, तर गाडी तिथूनच परत गेली असती. पेन हातात होतं. पण खोटं लिहून त्याच्याच रांगेत बसायचं? ते मला जमेना. 'पास' लिहिलं, शिक्का मारला, कागद टेबलावर पालथा घातला आणि मग दादाला आत बोलावलं.

"काय निघालं?"

मी पालथ्या कागदावर हात ठेवला. त्याला घाम फुटला.

"छबे, इथून माल परत गेला तर मला कुणी दारात उभं करणार नाही. शप्पथ, या वेळी दाणा न् दाणा निवडून आणलाय!"

"या वेळी?"

त्याने जीभ चावली.

"आईला फोन लाव. स्पीकरवर. त्या वेळी काय केलंस ते तिला सांग, मग कागद देते."

आधी चिडला, मग गयावया केली, शेवटी लावला फोन. सगळं बोलला. बुरशी, तेल, मिसळलेला माल. "आई, छबीची काही चूक नव्हती," हेही म्हणाला. नुसत्या खुणा करत मी एक शब्दही गाळू दिला नाही. मग कागद उलटून त्याच्यापुढे सरकवला.

"पास? मग मला उगाच कशाला..." फोनवर हात दाबून तो कुजबुजला.

"उगाच? खोटं होतं का त्यातलं काही?" मीही हळूच विचारलं.

तेवढ्यात फोनमधून आई बोलली, अगदी शांतपणे.

"अरे, मला तेव्हाच कळलं होतं. पण बोभाटा झाला असता, तर तुझा धंदा बसला असता. तिचं तर बुडालंच होतं."

मी तिथेच बसले आहे, हे तिला ठाऊक नव्हतं. दादाने घाईघाईने फोन बंद केला आणि माझ्याकडे न बघता कागद उचलला. मी त्याला थांबवलं नाही. माझं भांडण आता त्याच्याशी राहिलंच नव्हतं.