मायचं पिवळं फडकं

पनवेलहून शिरढोणकडे जाताना रस्त्यापासून आत एका शेतात मांडव घातला होता. कोरोनाची दुसरी लाट नुकती ओसरत होती. लग्नालाही मोजकीच माणसं बोलवायचे ते दिवस. पण दर शनिवारी या मांडवात बायकांची रीघ लागायची. मास्क हनुवटीवर, हातात नारळ. कुणी उरणची, कुणी थेट करंजाहून आलेली. सगळ्यांना चंद्रावती मायकडून अंगावर फडकं फिरवून घ्यायचं होतं.

माय आडोशाला नेऊन दुखऱ्या जागी हळदीचा लेप लावायची, मग तांब्यातल्या पाण्यात भिजवलेलं फडकं त्यावरून फिरवायची. फडकं लालभडक व्हायचं. ते बाहेर आणून ती सगळ्यांना दाखवायची.

"बघा, वाईट रगत. देवीनं वढून काढलं."

मग काही शनिवार अंगारा आणि मंतरलेलं पाणी. शेवटी एकदा फडकं पिवळंच राहायचं. पिवळं राहिलं म्हणजे रोग गेला.

"डॉक्टर आता नाडी तरी धरतात का गं?" माय विचारायची. "लांबूनच गोळ्या देतात. माजी देवी हात लावते. देवीला कोरोना होत नाय."

देवीला होत नसेल. मायच्या गादीखाली मात्र सॅनिटायझरची बाटली होती.

हौसाबाईंना आंघोळ करताना डाव्या स्तनात गाठ हाताला लागली, ती पहिल्या लॉकडाऊनमध्ये. दुखत नव्हती. तरी त्या आरोग्य केंद्रात गेल्या. साथीआधी तिथे बायकांची तपासणी व्हायची. आता ती बंद होती, आणि दारावरच्या माणसाने ताप नसेल तर घरी जायला सांगितलं. घरी कुणाला सांगायची लाज वाटली. पुढे शेजारणीने मायचं नाव काढलं. बरेच शनिवार गेले आणि एके दिवशी फडकं पिवळं राहिलं. हौसाबाई मांडवातच रडल्या. घरी येताना पेढे घेऊन आल्या. पेढे कशाचे, ते सुनेला, पूर्वीला, तेव्हाच कळलं.

काही आठवड्यांनी सून त्यांना कोरोनाची लस टोचून घ्यायला त्याच केंद्रात घेऊन आली. नर्सने डावा हात पुढे करायला सांगितलं.

"उजव्यात द्या," हौसाबाई म्हणाल्या. "डावा वर व्हत नाय."

शेजारी उभ्या असलेल्या डॉक्टर वसुंधरांनी ते ऐकलं आणि त्यांना आतल्या खोलीत नेलं. गाठ लिंबाएवढी झाली होती, वरची कातडी आत ओढली गेली होती. काखेतही गाठी लागत होत्या.

"मावशी, हे कधीपासून आहे?"

"ते बरं झालंय. फडकं पिवळं आलं."

"गाठ तर हाताला लागतेय."

"मायनं सांगितलं, नुसती साल राहिलीय. आतला रोग गेला."

डॉक्टरांनी मुंबईला तपासणीसाठी चिठ्ठी दिली. हौसाबाईंनी ती घेतलीच नाही. सून पूर्वी त्यांना विनवत राहिली. शेवटी डॉक्टर म्हणाल्या, "मलाही शनिवारी मायकडे घेऊन चला. मी चुकले तर तुम्हाला पुन्हा काही सांगणार नाही."

शनिवारी डॉक्टर साध्या साडीत रांगेत बसल्या. नंबर आल्यावर आडोशाला गेल्या, पण लेप लावून घ्यायच्या आधीच तिथे ठेवलेले दोन तांबे, दोन कोरी फडकी आणि हळदीची वाटी उचलून बाहेर आल्या. माय मागून ओरडत आली. डॉक्टरांनी मांडवाच्या बांबूला हळद फासली. एका तांब्यातल्या पाण्याने एक फडकं भिजवून पुसलं. फडकं लाल झालं. मग त्याच बांबूला थोडं वर पुन्हा हळद फासली आणि दुसरं फडकं दुसऱ्या तांब्यातल्या पाण्यात भिजवून पुसलं. फडकं पिवळंच राहिलं.

"या बांबूला आधी रोग झाला आणि लगेच तो बराही झाला," डॉक्टर म्हणाल्या. मग पहिला तांब्या त्यांनी ओतला. तळाशी पांढरा गाळ होता. "हा पानाला लावायचा चुना. हळदीला चुना लागला की ती लाल होते. कुंकू असंच करतात. दुसऱ्या तांब्यात साधं पाणी आहे. तुम्ही कधी बरं व्हायचं, ते माय तांब्या बदलून ठरवते."

"देवी कोपेल," माय म्हणाली. मग मागून एक म्हातारी उठली.

"खोटं तर खोटं. पन मंग आमी जायाचं कुठं? तुमचा दवाखाना बंद व्हता. हिनं निदान आमाला हात तरी लावला."

डॉक्टरांनी रिकामा तांब्या खाली ठेवला.

"खरं आहे," त्या म्हणाल्या. "तपासणी बंद ठेवायला नको होती. सोमवारपासून मी स्वतः बसते. जिचं जिचं फडकं पिवळं आलंय, तिने आधी यावं."

हौसाबाईंनी डॉक्टरांकडून चिठ्ठी मागून घेतली. मुंबईत कॅन्सर निघाला आणि ऑपरेशन झालं. स्तन काढावा लागला, काखेतल्या गाठीही. औषधांनी केस गेले. अजून दर काही महिन्यांनी मुंबईला जावं लागतं, आणि रिपोर्ट हातात येईपर्यंत घरात कुणी नीट जेवत नाही.

"तेव्हाच तपासलं असतं तर?" पूर्वीने एकदा विचारलं.

"सोपं झालं असतं," डॉक्टर म्हणाल्या.

पिवळं फडकं मिळालेल्या बऱ्याच बाया सोमवारी आल्या. सगळ्या नाही आल्या. माय दुसऱ्या गावी गेली म्हणतात.

साथ आली म्हणून बाकीचे रोग थांबून राहत नाहीत. गाठ दुखत नसली तरी तपासून घ्या, लाजू नका. चमत्कार दाखवणाऱ्याला तो कसा केला ते विचारा. आणि दवाखान्याचं दार बंद दिसलं तर गुपचूप परत फिरू नका, का बंद आहे ते तिथेही विचारा.