डब्यावरचं लाल हृदय आणि मी कढई

मित्रांनो, काळी कुळकुळीत म्हणून नाक मुरडू नका हं! मी एक जुनी लोखंडी कढई आहे आणि आज शेगडी न पेटवताच मला ऊब आलीय.

लोहाराने मला भट्टीत लालबुंद केलं, ठोकून ठोकून गोल पोट दिलं आणि मी एका शिंप्याच्या घरी आले. काय थाट होता माझा! मासे, बटाट्याचे काप, जे पडेल ते मी सोनेरी करायची. शिंपीदादा दिवसभर मशीनवर बसायचे आणि घरी आले की बोटं चाटत माझं कौतुक करायचे.

एकदा त्यांच्या रक्तात कोलेस्टेरॉल भलतंच वाढलेलं निघालं. डॉक्टरबाईंनी गोळ्या दिल्या, तळलेलं बंद करायला सांगितलं. घर चिडीचूप झालं, कारण दादांचे थोरले भाऊ हृदयविकाराच्या झटक्यानेच गेले होते.

आणि दादांनी काय करावं? तेलाचा नवा डबा आणला! त्यावर लालचुटुक हृदय आणि ठळक अक्षरं, ‘कोलेस्टेरॉल नाही’. आता पथ्य कशाला, म्हणाले, औषध डब्यातच आलंय. गोळ्या फडताळात गेल्या आणि मी दुप्पट तेलात पोहू लागले. खरं सांगू? मला मजाच वाटली.

पुढच्या तपासणीत आकडा आणखी चढला. दादा डब्यावर चिडले, दुकानदारावर चिडले. तेव्हा त्यांची लेक म्हणाली, "बाबा, पाण्याच्या बाटलीवर ‘यात हाडं नाहीत’ असं छापलं तर?"

"पाण्यात कुठली आलीत हाडं?"

"मग बियांच्या तेलात कुठलं आलं कोलेस्टेरॉल? ते तुमच्या अंगात वाढतंय. तळलेलं खाऊन, बसून राहून, गोळ्या टाळून." मग तिचा आवाज बारीक झाला. "काका गेले. तुम्ही हवे आहात मला."

दादा उठले, फडताळ उघडलं आणि गोळी घेतली.

मी मात्र भिंतीवर टांगली गेले. अशी रुसले म्हणता! पण एके सकाळी दादांच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, मला खाली काढलं, चमचाभर तेल घातलं आणि वर ढीगभर भाज्या. पहिल्या घासाला दादांचा चेहरा सुई टोचल्यासारखा झाला. हळूहळू जिभेला सवय झाली. शिवणाच्या दुकानातही ते चालत जाऊ लागले.

आणि आज नवा अहवाल आला. आकडा खाली! लेक ओट्यापाशी नाचतेय, वहिनी हसताहेत आणि डोळेही पुसताहेत.

मित्रांनो, घरच्या मोठ्यांना विचारा, रक्त तपासलंत का, गोळी घेतलीत का. रागावतील, रागावू द्या. मला भंगारात टाकू नका, फक्त तेलाचा हात आखडता घ्या. चला, गाजरं चिरून झालीत, मला कामाला लागू द्या!