खड्ड्यातला नळ

मी नळ आहे. पण भिंतीवर शोधू नका, तिथं मी नाही. बाळाबाईंच्या दारात फरशीला एक चौकोनी लोखंडी झाकण आहे. ते उचला, गुडघे टेका आणि मान खाली घाला, मग दिसेन. वास येईल. त्या वासाचीच ही गोष्ट आहे, म्हणून नाक धरू नका.

गावाचं नाव सांगत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातलं एक छोटं शहर, एवढं पुरे. नाव सांगितलं की बाकीची गावं लगेच म्हणतात, "आमच्यात न्हाय बाबा असलं." आता कुणाच्याच 'न्हाय'वर माझा विश्वास राहिलेला नाही.

मी पितळेचा. वाळूच्या साच्यात ओतलेला, वजनाला भरीव. बाळाबाईंच्या नवऱ्यानं मला आणलं आणि भिंतीला कमरेइतक्या उंचीवर बसवलं. ते आता नाहीत. तेव्हा मात्र ते दर दोन मिनिटांनी मला उघडून बघायचे आणि उगाच हसायचे. खाली घागर ठेवली की धारेचा आवाज आधी मोठा असायचा, मग घागर भरत येईल तसा बारीक व्हायचा. आळीतल्या बायका त्या आवाजावरनं ओळखायच्या, कुणाची घागर किती भरली ते.

घरात दोन पोरं. थोरली क्रांती, धाकटा सम्राट. सम्राट खेळून आला की थेट मला तोंड लावायचा. क्रांती पाठीत धपाटा घालायची. "तोंड लावू नगंस, किडं जात्यात पोटात." मग ती स्वतः ओंजळीनं त्याला पाणी पाजायची. तो तिला आक्का म्हणायचा. तिचं लग्न झालं तेव्हासुद्धा हळदीचे हात धुवायला ती माझ्याकडंच आली होती.

मग गाव वाढलं. चढावर नवे प्लॉट पडले, टाकी तीच राहिली. माझी धार बारीक झाली. मला भिंतीवरून काढून गुडघ्याएवढ्या उंचीवर आणलं. पुढं तिथंही पाणी चढेना. मग शेजारच्या बाळासोकाकांनी दारात दोन फूट खड्डा खणून त्यांचा नळ आत उतरवला. पाणी त्यांच्याकडं पळालं. आठ दिवसांत सम्राटनं अडीच फूट खणलं. त्याच्या पुढच्या घरानं तीन. आमच्या आळीत नऊ घरं आहेत आणि नऊ खड्डे. माणसं पाण्यासाठी टाकी उंच बांधतात असं मी ऐकलं होतं. आमच्यात नळ पुरतात.

खड्ड्यात उतरल्यापासून मला एक गोष्ट कळायला लागली. गटार माझ्यापासून दोन हातांवर आहे. आमचा पाइप तिच्यातूनच येतो, हे आळीत सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही. पाइप जुना, गंजलेला. त्याला कुठंतरी भोक आहे. पाणी जोरात असतं तेव्हा त्या भोकातून पाणी बाहेर उडतं. जोर नसतो तेव्हा बाहेरचं आत येतं. मला हे माहीत होतं. पण नळाला तोंड असलं तरी बोलता कुठं येतं.

गेल्या दसऱ्याआधी क्रांती बाळंतपणाला माहेरी आली. इचलकरंजीहून. सातवा सरत आला होता. बाळाबाई खानावळीत भाकरी थापायला पहाटेच जातात, आणि पाणी एक दिवसाआड सकाळी सहाला येतं. म्हणजे खड्ड्यात वाकून तांब्या तांब्यानं घागर भरणं क्रांतीच्या वाट्याला आलं. पहिल्याच दिवशी सम्राटनं तिला वाकलेलं बघितलं आणि तांब्या हिसकावून घेतला.

"तू वाकायचं न्हाईस."

"मग पानी काय तुझा बाप वरनं वतनार हाय?"

"माझा बाप तुझा बी बापच की. गप बस."

ती हसली. पोट धरून, खड्ड्याच्या काठावर बसून हसली.

सम्राट आठवीत शाळा सोडलेला. मोटर वाइंडिंगच्या दुकानात काम करतो. भंगारात आलेली अर्ध्या एचपीची एक मोटर त्यानं मालकाकडनं मागून घेतली. तीन दिवस जेवायच्या सुट्टीत बसून तिला तांब्याची तार गुंडाळली. घरी आणून तिच्यावर लाल रंग दिला आणि तिची नळी माझ्या तोंडाला घट्ट बसवली. माझ्या तोंडाला एक हिरवं फडकं होतं, क्रांतीच्या जुन्या ओढणीचं. पाणी गाळायला तिनंच बांधलं होतं. ते सोडून तिनं आता मोटरीच्या दुसऱ्या नळीच्या टोकाला बांधलं. सम्राटनं बटण दाबलं. घागर डोळ्यांदेखत भरली.

"बघ आक्का. बसल्या बसल्या पानी."

आळीत आधीच सहा मोटरी होत्या. ही सातवी.

मोटर लागल्यावर पाइपात काय होतं ते मी सांगतो, कारण आत मी असतो. आधी टाकी पाणी ढकलायची. आता सात मोटरी ओढायला लागल्या. ओढणाऱ्याला कुठून येतंय याच्याशी देणंघेणं नसतं. टाकीचं पाणी संपलं की पाइप जिथून मिळेल तिथून घेतो. त्या भोकातून आत काहीतरी आलं. गार नव्हतं, कोमट होतं. माझ्यातून गेलं, मोटरीतून गेलं, हिरव्या फडक्यातून गेलं. फडक्यावर थोडी वाळू अडकली, बाकी सगळं घागरीत पडलं.

चौथ्या-पाचव्या पाण्याला क्रांतीनं तांब्या नाकाशी नेला.

"सम्राट, पान्याला वास येतोय रे."

सम्राट कामाला निघाला होता. चपलेत पाय घालता घालता म्हणाला, "रबराचा असंल. नळी नवी हाय. दोन दिसांत जाईल."

ती प्याली. भाऊ म्हणाला म्हणून प्याली.

दिवाळीनंतर तिला ताप आला. जेवण जाईना. उलट्या. एका सकाळी तोंड धुताना बाळाबाईंनी तिचे डोळे बघितले आणि हातातली बादली खाली ठेवली. डोळे पिवळे होते. कोल्हापूरच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. पाचव्या दिवशी पोटातलं बाळ गेलं. सहाव्या दिवशी ती गेली.

त्यानंतर माझ्या आजूबाजूला सगळे एकमेकांकडं संशयानं बघायला लागले. क्रांतीच्या सासरचे दारात उभं राहून म्हणाले, "आमच्यात होती तवा ठणठणीत होती." सम्राटनं स्टँडवरच्या पाणीपुरीवाल्याचा गाडा उलथला, कारण आक्कानं तिथं एकदा खाल्लं होतं. मग त्यानं गुंडूला धरलं. गुंडू आळीचं पाणी सोडतो, व्हॉल्व्हची मोठी चावी खांद्यावर टाकून फिरतो, म्हणून त्याला सगळे चावीवाला म्हणतात. सम्राटनं माझ्यासमोरच त्याची गचांडी धरली.

"काय सोडतोस रं पाइपातनं? औषध टाकता का न्हाय?"

गुंडूनं हात उचलला नाही. "सोड पोरा. टाकतो. रोज टाकतो."

तिसऱ्या दिवशी सम्राट दवाखान्यात कागद आणायला गेला होता. परत आला आणि खड्ड्याच्या काठावर बसला. आईला सांगत होता, ते मी ऐकलं. डॉक्टर म्हणाले होते, हा काविळीचा आजार घाण पाण्यातून येतो, पण आज प्यालं आणि उद्या आजार, असं होत नाही. महिना-दीड महिना लागतो. बाकीच्यांच्या अंगावरून जातो, पोटुशी बाई असेल तर जीव घेतो.

"दीड महिना मागं जा म्हनले," सम्राट म्हणाला. "तवा घरात नवीन काय झालंतं ते आठवा म्हनले."

दोघांनी लाल मोटरीकडं बघितलं नाही. न बघणं मला खड्ड्यातून कळलं.

पुढच्या पाण्याच्या आदल्या दिवशी गुंडू आळीतून गेला. प्रत्येक दारात तेच म्हणाला, "उद्या नगरपालिकेचं सायब येनार हाईत तपासाला. मोटरी आत घ्या, न्हाईतर जप्त हुतील." तो चांगला माणूस आहे. दर तपासणीच्या आधी सांगतो. सगळी आळी त्याला त्याबद्दल दिवाळीत फराळ देते.

बाळाबाईंनी मोटर आत नेली. बाळासाठी जुन्या साड्यांची दुपटी शिवून पेटीत ठेवली होती. मोटर पेटीत ठेवून त्यावर ती दुपटी अंथरली.

सकाळी साहेब आला. विचारलं, "मोटर आहे का?"

"न्हाय," बाळाबाई म्हणाल्या.

बाळासोकाका म्हणाले, "न्हाय." नऊ घरं न्हाय म्हणाली.

त्या दिवशी एकही मोटर ओढत नव्हती. माझ्यातून करंगळीएवढी धार आली, पण टाकीची आली. गुंडूनं काचेच्या नळीत पाणी घेऊन तपासायच्या औषधाचे थेंब टाकले. पाणी पिवळं झालं. पाण्यात क्लोरीन असलं की ते पिवळं होतं. पाणी पिवळं झालं की चांगलं आणि डोळे पिवळे झाले की वाईट, हे मी त्याच महिन्यात शिकलो.

"पाणी चांगलं आहे," साहेब म्हणाला. "बाहेरचं काही खाल्लं असेल पेशंटनं."

सम्राट भिंतीला टेकून उभा होता. त्याच्या गप्प बसण्याचाही मला संशय आला होता, खरं सांगतो. मला वाटलं, सुटला हा. साहेबच म्हणाला पाणी चांगलं, आता दोष याचा नाही.

दुसऱ्या पाण्याला तो पावणेसहालाच उठला. पेटी उघडली, दुपटी बाजूला केली, मोटर आणून माझ्या तोंडाला लावली. मग चौकात जाऊन गुंडूला हाताला धरून आणलं.

"तुझी ती औषधाची बाटली काढ."

"अरं, परवा केली की टेस्ट. आनि मोटर लावून कोन टेस्ट करतंय?"

"आमी पितो तसं बघ की, गुंडूदा."

आळीत बाकीच्या सहा मोटरी गुरगुरत होत्या. सम्राटनं सातवी चालू केली. मी आत ओढ बसलेली ओळखली. आधी टाकीचं आलं. मग कोमट.

गुंडूनं काचेची नळी भरली. दोन थेंब टाकले. हलवली. उजेडाकडं धरली. आणखी दोन थेंब टाकले. पाणी पांढरं ते पांढरंच.

"औषध संपलंय का काय," गुंडू पुटपुटला.

"वास घे."

"सम्राट, ऱ्हाऊ दे."

"घे की वास. कसला हाय सांग."

गुंडूनं नाक जवळ नेलं आणि लगेच मागं घेतलं. "गटारीचा."

सम्राट खड्ड्याच्या काठावर बसला, जिथं ती पोट धरून हसली होती तिथं. बराच वेळ मोटर चालूच होती, घागर भरून पाणी दारात वाहत होतं. मग तो म्हणाला, "मी तिला रबराचा म्हनलो."

गुंडूनं खाली वाकून बटण बंद केलं.

सम्राटनं नळी उपटली, मोटर उचलली आणि तशीच ओली बाळासोकाकांच्या दारात नेऊन आपटली. काकांची सून अनुजा तांब्यानं पाणी पीत उंबऱ्यात उभी होती. त्यानं तिच्या हातातला तांब्या उडवला. काका धावून आले.

"माजलास काय रं?"

"काका, हिला कितवा हाय?"

"सहावा. तुला काय करायचंय?"

"आक्काला सातवा हुता, तवा मी ही मोटर लावली. माझी मी काढली. तुमी तुमची काढा."

काकांनी खाली पडलेला तांब्या उचलला. मग हळू म्हणाले, "तुझं दुःख कळतंय मला. पर मी काढली तर बाकीचे ओढनारच की. माझ्या घरात थेंब यायचा न्हाय."

"मग वाका," सम्राट म्हणाला. "आक्का वाकत हुती तर मीच तिला वाकू दिलं न्हाय."

ही गोष्ट महिन्यापूर्वीची. तेव्हापासून सम्राट दर पाण्याला गुंडूची औषधाची बाटली घेऊन दारोदार जातो आणि मोटर चालू असताना पाणी तपासून दाखवतो. कुणी दार लावून घेतं. कुणी म्हणतं, पोराच्या डोक्यावर परिणाम झालाय. पाइपाच्या भोकाचा अर्ज गुंडूच्या सहीनं दिलाय. अजून खणायला कुणी आलेलं नाही. अर्ज दिलाय, यावरही मी जास्त भरवसा ठेवत नाही.

मोटर काढली असं आळीत सगळेच सांगतात. मला फसवता येत नाही, मी पाइपात आहे. महिन्यापूर्वी सहा ओढत होत्या. परवा दोन होत्या. पण बाळासोकाकांची त्यांत नव्हती. पाणी आलं तेव्हा ते स्वतः खड्ड्यात उतरले होते, कमरेला हात लावून, तांब्या तांब्यानं भरत, आणि पुटपुटत होते. आतल्या चुलीवर पातेलं उकळत होतं. अनुजा त्यातलंच पिते.

माझ्या तोंडाला पुन्हा ते हिरवं फडकं बांधलंय. सम्राटनं बांधलं. त्यानं पाणी शुद्ध होत नाही, हे त्याला आता माहीत आहे. तरी बांधलं. रोज सकाळी तो झाकण उचलतो, गुडघे टेकतो, नाक माझ्याजवळ आणतो आणि झाकण लावतो.

मी जुना नळ आहे. माझ्यावर विश्वास ठेवू नका, फडक्यावर ठेवू नका, आणि पाणी पिवळं झालं म्हणून चांगलं म्हणणाऱ्या साहेबावर तर मुळीच ठेवू नका. उकळा आणि प्या. तुमच्या घरात कुणी पोटुशी असेल आणि ती तांब्या नाकाशी नेऊन म्हणाली की वास येतोय, तर चपला काढा आणि परत आत या. तो तांब्या तिच्या हातातून घ्या. स्वतः वास घ्या.

रबराचा असेल, असं म्हणू नका.