दोन सालांची गाडी

जुन्या मोटरसायकलींची सालं ओळखण्यात मेकॅनिकची हयात गेली होती. आज मात्र मित्राच्या शेडमध्ये वाकताना त्याचे गुडघे आणि मन, दोन्ही कुरकुरत होती. मित्र जाऊन महिना झाला होता. आपली चार सिलिंडरची गाडी त्या मॉडेलच्या अगदी पहिल्या वर्षाची आहे, असं तो चाळीस वर्षं छातीठोकपणे सांगायचा. आता गाडी घेऊ पाहणाऱ्या संग्रहालयाला तसा दाखला हवा होता.

मेकॅनिकनं इंजिनावर आणि फ्रेमवर कोरलेले नंबर रॉकेलच्या बोळ्यानं पुसून स्वच्छ केले. इंजिन खरंच पहिल्या वर्षाचं होतं. फ्रेम नऊ वर्षांनंतरची निघाली. दाराशी बसलेल्या मित्राच्या बायकोसमोर तो स्टुलावर टेकला.

"वहिनी, कसं सांगू? या दोन गाड्या आहेत."

"ठाऊक आहे, भावजी. इंजिन एका भंगारवाल्याकडचं, सांगाडा दुसऱ्याकडचा. ह्यांनी बढाई मारायची आणि मी मान डोलवायची. थकले बाई मी."

"मग काय लिहू?"

"खरं तेच लिहा."

शंका त्यालाही पहिल्यापासून होती. मित्राचं मन मोडायला नको, म्हणून त्यानं कधी नंबर पाहिलेच नव्हते. त्यानं दोन्ही सालं लिहून सही केली. वहिनींनी न वाचताच कागदाची घडी घातली आणि त्या शेडचं दार ओढायला उठल्या.