नऊ वीसचा फोन

बायको गेल्याचं मला बस स्थानकाच्या लँडलाइनवर कळलं. मी तिथं वाहतूक नियंत्रक आहे. साडेनऊला कामावर बसलं की स्वतःचा फोन कपाटात ठेवायचा, तो संध्याकाळीच काढायचा, असा आमच्याकडे नियम. म्हणून मेहुणीनं कचेरीत फोन केला. तिच्याकडे राहायला गेलेली बायको तिसऱ्या दिवशी सकाळी बाथरूममध्ये कोसळली, ती उठलीच नाही.

सगळं आटोपल्यावर मेहुणी चार दिवस माझ्याकडे थांबली. एकदा चहा गाळताना सहज म्हणाली, ताईनं मला विमानतळावर दुपारी एक वाजता बोलावलं होतं, बाहेर आली तेव्हा चेहरा एवढासा झाला होता.

माझा कप हातातच राहिला. दोन शहरांत अकराशे साठ किलोमीटर. बसनं एकोणीस तास, विमानानं एक तास पन्नास मिनिटं. तिकीट मीच हट्टानं काढलं होतं, सव्वासातचं. आणि नऊ वीसला तिचा मला फोन आला होता, पोचले म्हणून.

मग एकपर्यंत ती कुठं होती?

गाडी चार तास उशिरा आली तर मी ड्रायव्हरला सोडत नाही. मेहुणीलाही सोडलं नाही. त्या शहरात बायकोच्या कॉलेजातला कोणीतरी राहतो, हे मला माहीत होतं. चार वर्षांपूर्वी तिनं एकदाच नाव घेतलं होतं, ते मी विसरलो नव्हतो. मेहुणी म्हणाली, मला काहीच माहीत नाही. मी म्हणालो, "बहिणीचं झाकणारच तू. कोणाला भेटायला गेली होती?"

तिनं गाळणी खाली ठेवली. "ताई तुम्हाला पुरती ओळखून होती, भावोजी. मीच ओळखलं नव्हतं."

त्याच दुपारी ती निघून गेली.

बायकोची पर्स तिनं टेबलावर ठेवली होती. आतल्या कप्प्यात एक कूपन सापडलं, इथल्याच विमानतळावरचं. विमानाला उशीर झाल्याबद्दल चहा-नाश्ता. शिक्क्यावर वेळ दहा पाच.

मी विमानतळावर जाऊन खिडकीवर विचारलं. तिथल्या मुलीनं संगणकात पाहून सांगितलं, त्या दिवशीचं विमान अकरा पाचला सुटलं, बारा पंचावन्नला उतरलं.

म्हणजे नऊ वीसला ती इथंच बसून होती.

आमच्या लेकीच्या बाळंतपणाच्या दिवशी फोन कपाटात, मला काही खबर कळत नव्हती, तेव्हा मी दोन गाड्या एकाच फलाटावर लावल्या होत्या. बायकोनं ते वर्षभर ऐकवलं. म्हणायची, तुमच्या काळजीनं लोकांच्या गाड्या ठोकायच्या. साडेनऊला माझा फोन कपाटात जाणार आणि मग मी दिवसभर घोर लावून घेणार, हे तिला ठाऊक होतं. म्हणून ती न निघताच पोचली. घरी आल्यावर सांगून हसणार असेल.

आज सुट्टी आहे, फोन खिशातच आहे. मेहुणीला मी अजून फोन केलेला नाही.