अंगठीतली लोकर

ऋतिकाच्या साखरपुड्याची अंगठी बोटात सैल होत होती, म्हणून आईनं, सरुबाईनं, तिला आतून मेंढीची लोकर गुंडाळली. दुसऱ्या कुणी दोरा गुंडाळला असता. पण या मेंढपाळाच्या घरात दोऱ्याआधी लोकरच हाताला लागते.

मग कांद्याची लावणी आली. तीन दिवस हात चिखलात. लोकर पाणी पिऊन फुगली, बोट सुजलं आणि अंगठी जागची हलेना.

"मंचरचा सोनार कापून देईल," जेवणाच्या सुट्टीत बांधावर बसत ऋतिका म्हणाली.

"कापून? लगनाआधीच अंगठी मोडली म्हणत्याल सासरची! काढून ठिवाया काय झालं व्हतं?"

"तूच म्हणालीस ना, बोट रिकामं ठेवू नको."

"मी लई बोलते. समदंच ऐकायचं आसतं व्हय?"

दोघी हसल्या, पण हसतानाही कंबर दुखत होती. सरुबाईनं पदराची पिन काढली, लेकीचा हात मांडीवर घेतला आणि लोकरीचा एकेक तंतू उपसू लागली. मान अवघडली, डोळ्यांना पाणी सुटलं, तरी पिन बोटाला लागू दिली नाही. शेवटचा पुंजका निघाला आणि अंगठी अख्खीच्या अख्खी तिच्या तळहातावर उतरली.

"लावणी उरकंस्तवर माज्यापाशी ऱ्हाऊ दे," म्हणत तिनं मूठ मिटली आणि बसल्या जागी तिचा डोळा लागला.

वाफ्यातून बायका हाका मारू लागल्या. ऋतिकानं आईच्या वाटणीचं रोपही आपल्याच पाटीत घेतलं.

"आईला निजू द्या," ती म्हणाली. "दोघींची ओळ मी लावते."